नाणं कुणाचं, नियम कुणाचा?

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं की बिटकॉइन (कुठल्याही सरकारशिवाय इंटरनेटवर चालणारं डिजिटल नाणं) हा पैसा आहे का, आणि मी लिहिलं होतं की माझ्या मते अजून तरी नाही, तो विकत घेऊन ठेवायचा माल आहे. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यावरच देतेय. काही पत्रं चांगलीच रागावलेली आहेत आणि मला तीच जास्त आवडली, कारण पैसा कुणाच्या ताब्यात असावा हा प्रश्न शांतपणे बोलण्यासारखा नाहीच मुळी.

प्रश्न: ताई, तुमचं उत्तर अजिबात पटलं नाही. सरकारं हवा तेव्हा पैसा छापतात, महागाई वाढते आणि साठवलेल्या पैशाची किंमत हळूहळू कमी होत जाते. बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर जाणारच नाही, कुठल्या मंत्र्याच्या सहीने तो आकडा बदलत नाही. मग पैशात सरकार हवंच कशाला? मी कॉलेजला आहे, घरी बाबांशी यावरून रोज वाद होतो.

उत्तर: तुझा राग बरोबर आहे, हे आधी लिहिते म्हणजे बाबांनाही दाखवता येईल. सातोशी नाकामोतो या नावाने (हे टोपणनाव नक्की कुणाचं ते आजवर सिद्ध झालेलं नाही) ऑक्टोबर २००८ मध्ये बिटकॉइनचा आराखडा आला, तेव्हा मोठमोठ्या बँका कोसळत होत्या आणि सरकारं लोकांच्या कराच्या पैशातून त्यांना वाचवत होती. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या व्यवहारांच्या वहीच्या पहिल्याच पानावर, त्या दिवशीच्या लंडनच्या पेपरातला मथळा घालून ठेवलाय, बँकांना दुसऱ्यांदा मदत देण्याच्या तयारीचा. आणि त्याच महिन्यात झिम्बाब्वेने १०० लाख कोटी डॉलरची नोट काढली, एकच नोट, आणि काही महिन्यांत स्वतःचं चलन सोडून परदेशी चलनं वापरायला लागले. म्हणून पैशाच्या बाबतीत सरकारवर डोळे मिटून विश्वास ठेव असं मी तुला कधीच सांगणार नाही.

पण संख्या ठरलेली असली म्हणजे किंमत टिकते असं नाही ना. नोव्हेंबर २०२१ मध्ये एक बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या आसपास होता, वर्षभराने १६,००० च्या आसपास. ज्याचा पगार आणि घरभाडं यात ठरलंय त्याने काय करायचं? आणि उलटं झालं, म्हणजे किंमत चढतच गेली, तर त्यात कर्ज घेतलेल्या माणसाचं कर्ज दरवर्षी जड होत जातं, हे लोक विसरतात. १९२९ नंतरच्या महामंदीत हेच झालं होतं, पैसा सोन्याला बांधलेला, लागेल तेव्हा वाढवता येईना, मालाचे भाव पडत गेले, हप्ता मात्र तेवढाच, शेतकरी आणि छोटे धंदेवाले त्यात बुडाले. शेवटी ब्रिटनने १९३१ मध्ये आणि अमेरिकेने १९३३ मध्ये तो दोर सोडला.

आता तुझा मुख्य मुद्दा, की इथे नियम कुणी बदलूच शकत नाही. २०१६ मध्ये इथेरियमवर (बिटकॉइनसारखंच दुसरं जाळं, त्याचं नाणं इथर) द डाओ नावाचा एक सामूहिक फंड उभा राहिला, त्याच्या कोडमध्ये एक फट राहिली होती आणि तिच्यातून कुणीतरी कोट्यवधी डॉलरचं इथर काढून घेतलं. कोड हाच कायदा असं म्हणणाऱ्यांनीच मग काय केलं? बसून चर्चा केली, बाजू पडल्या, आणि जुलैमध्ये साखळीचे, म्हणजे व्यवहारांच्या त्या सामायिक वहीचे, नियमच बदलून पैसे परत फिरवले. ज्यांना ते पटलं नाही ते जुन्या साखळीवर राहिले, ती आज इथेरियम क्लासिक म्हणून चालते. मी त्यांना नावं ठेवत नाहीये, चोरलेले पैसे परत देणं मला तरी योग्यच वाटतं. पण तिथेही निर्णय माणसांनीच घेतला की नाही, आणि त्या माणसांना निवडून कुणी दिलं होतं? नियम कोण बदलू शकतो आणि त्याला कोण अडवू शकतो, एवढं एकच मी प्रत्येक नाण्याला विचारते. सरकारी असो, खाजगी असो, की तुझं आवडतं असो.

आणि हेही बघ, नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे अशी नाणी घ्यायचं-विकायचं एक्सचेंज बुडालं तेव्हा ज्यांचे पैसे अडकले ते गेले कुठे? दिवाळखोरीच्या कोर्टात. त्याच्या मालकाला २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली ती सरकारने उभ्या केलेल्या न्यायालयातच झाली. तू म्हणशील की नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये (म्हणजे किल्ली फक्त आपल्याकडे असलेल्या डिजिटल पाकिटात) ठेवावीत, एक्सचेंजवर ठेवायचीच कशाला, आणि ते बरोबरही आहे, पण प्रत्येकाकडून तेवढी सावधगिरी होत नाही आणि समाजाचा पैसा फक्त सावध लोकांसाठी असून चालत नाही.

प्रश्न: फोनवरून पैसे आधीच पाठवतो. मग सरकारी डिजिटल चलन म्हणजे वेगळं काय?

उत्तर: खात्यात दिसणारा आकडा म्हणजे बँकेने तुम्हाला दिलेलं वचन असतं, की मागाल तेव्हा देऊ. फोनवरून जातं ते एका बँकेचं वचन दुसऱ्या बँकेकडे. नोट मात्र मध्यवर्ती बँकेची स्वतःची देणी असते, मध्ये कुणी नसतं, आणि डिजिटल चलन म्हणजे तशीच नोट पण कागदाशिवाय. बँक बुडाली तर खात्यातले पैसे विम्याच्या मर्यादेपर्यंतच सुरक्षित, या वॉलेटमधले त्या बँकेबरोबर बुडत नाहीत. बहामासने २०२० मध्ये असं चलन सगळ्या देशासाठी सुरू केलं, भारतात रिझर्व्ह बँकेने सामान्य लोकांसाठी १ डिसेंबर २०२२ पासून प्रयोग सुरू केला, त्यावर नोटेसारखंच व्याज नाही. व्याज का नाही, आणि काही देश वॉलेटमध्ये किती ठेवता येईल यावर मर्यादा का घालू बघतायत, याचं कारण एकच, घबराट झाली तर सगळे लोक एका बटणाने बँकेतला पैसा तिकडे हलवतील आणि धडधाकट बँकही दुपारपर्यंत कोरडी पडेल.

प्रश्न: मला भीती वाटते ती वेगळीच. सगळा पैसा डिजिटल झाला तर मी कुठे काय घेतलं ते सरकारला दिसणार, आणि उद्या मी सरकारविरुद्ध बोलले तर माझे पैसेच बंद करतील. नवरा म्हणतो, चूक केली नसेल तर घाबरायचं कशाला.

उत्तर: तुमची भीती खरी आहे आणि मी तुमच्या बाजूने आहे, अगदी स्पष्टपणे. फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅनडात ट्रकवाल्यांचं आंदोलन झालं, तुम्हाला ते पटो न पटो (मला त्यांच्या बऱ्याच मागण्या पटल्या नव्हत्या), पण सरकारने आणीबाणीचा कायदा लावला आणि आंदोलनाशी संबंधित लोकांची बँक खाती गोठवली, आधी कोर्टात न जाता. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने म्हटलं की तो कायदा लावणं वाजवी नव्हतं. म्हणजे दोन वर्षांनी! जुनी, भक्कम लोकशाही असलेला देश आहे हा. आणि तेव्हा कुठलं डिजिटल चलन नव्हतंच, नेहमीच्या बँकाच होत्या, म्हणजे पैसे बंद करायचं बटण आजही आहेच, फक्त आज ते बऱ्याच बँकांमध्ये विखुरलेलं आहे आणि उद्या कदाचित एकाच ठिकाणी येईल.

दुसरी गोष्ट, पैशालाच अटी लावता येतात. चीनमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये शेन्झेनला सोडत काढून ५०,००० लोकांना प्रत्येकी २०० युआन डिजिटल रूपात दिले, ते ठरलेल्या दिवसांत खर्च केले नाहीत तर परत जाणार होते. भेट होती म्हणून कुणाला वाईट वाटलं नाही. पण पगाराला तीच मुदत लावली तर? मदतीच्या पैशाला अट असावी की माणसाला गरजेप्रमाणे खर्च करू द्यावा, यावर भले वाद होऊ दे, पण स्वतः कमावलेल्या पैशावर अट असता कामा नये, यावर मी तडजोड करणार नाही.

आता नवऱ्याचं म्हणणं. चूक नसेल तर घाबरायचं कशाला हे वाक्य मी खूप ऐकलंय, सहसा ज्यांना कधी काही लपवावं लागलं नाही त्यांच्याकडून. मारहाण करणाऱ्या घरातून बाहेर पडायचं म्हणून थोडे थोडे पैसे बाजूला ठेवणारी बाई काय चूक करत असते? कुठल्या डॉक्टरकडे गेलो हे घरच्यांना कळू नये असं वाटणारा मुलगा, एखाद्या छोट्या पक्षाला वर्गणी देणारा नोकरदार, या सगळ्यांना नोट आज काही न विचारता संरक्षण देते.

सरकारचीही एक बाजू आहे, ती टाळणार नाही. खंडणीखोर असतात, करचुकवे असतात, आणि त्यांना पकडायला माग लागतो. पण मजेशीर म्हणजे ज्या बिटकॉइनला लोक निनावी समजतात त्याची वही सगळ्यांना उघडी असते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कॉलोनियल पाइपलाइन या कंपनीने तिच्या संगणकांवर हल्ला करणाऱ्यांना ७५ बिटकॉइन खंडणी दिली, आणि महिनाभरात सरकारी यंत्रणांनी त्यातले ६३ हून जास्त परत मिळवले. म्हणजे सगळ्यांवर नजर न ठेवता एका गुन्ह्याचा माग काढता येतो. आणि खाजगीपण तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, डेव्हिड चॉम या संशोधकाने १९८० च्या दशकातच अशी डिजिटल सही शोधली होती की बँकेला नाणं खरं असल्याचं कळतं पण ते आधी कुणाला दिलं होतं ते कळत नाही. त्यांची कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली, कल्पना मात्र शाबूत आहे.

तेव्हा माझी मागणी एवढीच, छोट्या व्यवहारांना नोटेसारखं निनावीपण हवं, खातं गोठवायचं तर आधी न्यायाधीशाची परवानगी हवी, आणि हे सगळं संसदेने केलेल्या कायद्यात लिहिलेलं हवं, एखाद्या परिपत्रकात नाही, कारण परिपत्रक एका संध्याकाळी बदलतं.

प्रश्न: लोक स्वतःहून बदलत नाहीत. चांगली गोष्ट असेल तर सरकारने सक्ती केली तर काय बिघडलं?

उत्तर: बिघडतं, आणि कसं ते करून बघितलेले देश आहेत. एल साल्वादोरने ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइनला अधिकृत चलन केलं, व्यापाऱ्यांनी तो घ्यायलाच हवा असा कायदा, सरकारी ॲप घेणाऱ्याला ३० डॉलर भेट. लोकांनी ३० डॉलर घेतले, खर्च केले आणि बरेचसे परत नेहमीच्या डॉलरवर आले. जानेवारी २०२५ मध्ये, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेताना, सरकारने ती सक्ती काढून टाकली. नायजेरियाची गोष्ट मला जास्त वाईट वाटते. तिथे ऑक्टोबर २०२१ मध्ये ई-नायरा हे सरकारी डिजिटल चलन आलं, फारसा कुणी वापरेना, मग २०२३ च्या सुरुवातीला जुन्या नोटा बदलायच्या म्हणून रोकड इतकी आटली की लोक आपलेच पैसे मिळवायला रांगेत तासन्‌तास उभे राहिले. सुप्रीम कोर्टाला जुन्या नोटा वर्षअखेरपर्यंत चालतील असं सांगावं लागलं. गरिबाच्या हातातली नोट काढून घेतली की तो लगेच ॲप उघडतो असं नसतं, तो उपाशी राहतो, उधारी करतो.

आणि आपल्याला तर हा धडा ७०० वर्षांपूर्वीच मिळालाय. मुहम्मद बिन तुघलकाने चांदीच्या बदल्यात तांब्या-पितळेची नाणी चालवायचा हुकूम काढला, कल्पना काळाच्या पुढची होती असं आज म्हणता येईल, पण नकली नाणं ओळखायची सोय केलीच नाही, घरोघरी टांकसाळी निघाल्या आणि शेवटी ती नाणी खजिन्यातून चांदी देऊन परत घ्यावी लागली. हुकमाने नाणं काढता येतं, त्याची पत आधी कमवावी लागते.

प्रश्न: सरकार नको असेल तर मोठ्या कंपन्यांनी चलन चालवलं तर?

उत्तर: फेसबुकने २०१९ मध्ये लिब्रा या चलनाची घोषणा केली होती, सरकारांनी इतका विरोध केला की नाव बदलूनही २०२२ च्या सुरुवातीला ते गुंडाळावं लागलं. मला त्याचं दुःख झालं नाही. सरकारला पाच वर्षांनी पाडता तरी येतं. डॉलरला बांधलेली (एक नाणं म्हणजे एक डॉलर असं सांगणारी) खाजगी नाणी आज जोरात आहेत, पण मे २०२२ मध्ये टेरा या प्रकल्पाचं असंच नाणं काही दिवसांत मातीमोल झालं, कारण मागे खरा पैसा पुरेसा नव्हताच. तेव्हा असं नाणं घेण्याआधी मागे काय ठेवलंय आणि ते कुणी तपासलंय एवढं विचाराच.

प्रश्न: माझं वय ७१. मला नोटाच बऱ्या वाटतात, हातात दिसतात, मोजता येतात. नातवंडं म्हणतात आजी मागासलेली. खरंच आहे का?

उत्तर: आजी, नाही हो. युरोपातल्या पहिल्या कागदी नोटा स्वीडनमध्ये १६६१ मध्ये निघाल्या, आणि आज रोख सगळ्यात कमी वापरणाऱ्या देशांत तोच देश पुढे आहे, पण तिथेच आता मोठ्या बँकांवर रोख पैशाची सेवा देत राहण्याची कायद्याने जबाबदारी टाकलीय, आणि युद्ध किंवा वीज जाण्यासारख्या संकटासाठी घरात थोडी रोकड ठेवा असं सरकार स्वतः लोकांना सांगतं. नातवंडांना हे वाचून दाखवा. त्यांच्याकडून फोनवरून पैसे पाठवायलाही शिकून घ्या, पिन मात्र त्यांनाही सांगू नका, आणि कुणी रोख घ्यायला नकार दिला तर का म्हणून विचारा, मोठ्याने विचारा.