वाचकांचे प्रश्न : सोर्सबुक घ्यावं की नको?

प्रश्न : आम्ही पाच मित्र रविवारी दुपारी ‘एलियन’ सिनेमावरचा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन फाशांच्या मदतीनं गोष्ट रचायचा खेळ) खेळतो. मूळ नियमपुस्तक आहे. आता ‘बिल्डिंग बेटर वर्ल्ड्स’ हे सोर्सबुक, म्हणजे त्या जगाची जास्तीची माहिती देणारं पूरक पुस्तक, घ्यावं का? एकजण म्हणतो, सिनेमात जे नाही ते खरं नाहीच. शिवाय सगळ्यांनी सिनेमे पाहिलेत, त्यामुळे कुणी घाबरत नाही.
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : घ्या. त्यात तुम्हाला माणसं मिळतील.

तुमच्या मित्राला ग्रीडोची आठवण करून द्या. ‘स्टार वॉर्स’मध्ये हान सोलोसमोर बसलेला हा हिरवा गडी कोणत्या जमातीचा, हे सिनेमात कुणी सांगत नाही. रोडियन हे नाव वेस्ट एंड गेम्स या कंपनीच्या ‘स्टार वॉर्स’ रोलप्लेइंग गेमच्या १९८७च्या सोर्सबुकातलं. ट्विलेक या दुसऱ्या जमातीचं नावही तिथलंच. पुढे लेखक टिमथी झान ‘स्टार वॉर्स’च्या कादंबऱ्या लिहायला बसले तेव्हा सिनेमा काढणाऱ्या लुकासफिल्मनं त्यांना संदर्भासाठी याच गेमची पुस्तकं धाडली. ज्यांचा सिनेमा त्यांनीच ही भर आपली मानली, मग आपण कशाला अडून बसायचं?

आता ‘एलियन’. १९७९च्या सिनेमात जहाजावरचे कामगार पार्कर आणि ब्रेट सुरुवातीलाच कुरकुरतात ती बोनससाठी. मला तो सिनेमा तिथंच आपला वाटला. माझे वडील यंत्रमागावर होते. उचल, खाडा, रात्रपाळी हेच विषय घरात. फ्री लीग या प्रकाशकाचं हे सोर्सबुक वसाहतकरी आणि शोधमोहिमांवरचं आहे, म्हणजे असंच पोटासाठी लांब गेलेल्यांचं. सगळं वाचून काढू नका. मी टेबल चालवते, म्हणजे खेळ घेते, तेव्हा एखादंच पान उचलते आणि प्रत्येक खेळाडूला विचारते : तुझं काम काय, कंपनीचं देणं किती, घरी कोण वाट बघतंय? एवढी उत्तरं आली की पहिली बैठक उभी राहते. त्या बैठकीत झेनोमॉर्फ, म्हणजे सिनेमातला तो जीवघेणा परग्रही प्राणी, आणूच नका.

भीतीचं म्हणाल, तर ती फाशांत आहे. हवेचा पंप दुरुस्त करताना एकाही फाशावर सहा, म्हणजे यश, पडलं नाही, तर खेळाडू ताण वाढवून पुन्हा फासे टाकू शकतो. ताणाचा प्रत्येक फासा यशाची शक्यता वाढवतो, पण त्याच फाशावर एक पडला की घबराटीची तपासणी. अशा साध्या कामांवर दोन तास काढा. सिनेमा पाठ असलेला खेळाडूही फासे हातात घेताना थांबेल, हे मी माझ्या टेबलावर पाहिलंय. गेम मदरनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, फक्त घाई करू नये.

पुस्तक महाग आहे, तेव्हा पाचजणांनी वर्गणी काढा आणि ते गेम मदरकडे ठेवा. याच गेमचं कलोनियल मरीन्सचं पुस्तक सध्या राहू द्या. ते सैनिकांच्या मोहिमांसाठी आहे, तुमच्या टेबलाला आधी कामगार हवेत.