मणिपूरची वस्त्रे विकू पाहणाऱ्या नव्या दुकानदारास

म्हापशातल्या आपल्या दुकानात तुम्ही मणिपूरची मोइरांगफी, म्हणजे काठावर टोकदार त्रिकोणांची ओळ असलेली हातमागाची वस्त्रे, ठेवणार आहात, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र ३ मे २०२३ रोजी तेथे हिंसाचार उसळल्यापासून संचारबंदी, अडवलेले महामार्ग आणि महिनोन्‌महिने बंद राहिलेले इंटरनेट यांची झळ विणकर स्त्रियांना किती बसली आहे, हे ध्यानात घेऊन माल उशिरा आला तरी मागणी रद्द करू नका. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, कारण सूत त्यातूनच येते. घर सोडून मदत छावणीत राहणारीकडे हातमागच नसेल, तर तिला जमेल ते हातकाम मागा. या हिंसाचारात एकमेकांसमोर उभे ठाकलेले समाज म्हणजे मैतेई आणि कुकी; दोन्हींतल्या विणकर स्त्रियांकडून घ्या. चतुर्थीसाठी हवे असेल, तर फाल्गुनातच कळवा.