नियरेस्ट, क्लोसेस्ट, नेक्स्ट आणि चिनी 'त्स्वेजिन'

शांघायला राहणाऱ्या एका ताईंनी प्रश्न विचारलाय. शेजारच्या आठवीतल्या चिनी मुलीला त्या संध्याकाळी इंग्रजी शिकवतात. ती मुलगी 'आय विल रिसेंटली गो टू बेजिंग' असं लिहिते, 'माय होम इज मोस्ट नियर फ्रॉम द स्कूल' असंही लिहिते, आणि वर विचारते की नियरेस्ट, क्लोसेस्ट, नेक्स्ट यात फरक काय. ताई म्हणतात, बरोबर काय ते मला माहितीये पण का ते सांगता येत नाही, मराठी माणसाने चिनी मुलीला हे समजवायचं कसं?

ताई, मी पुण्यात दोन वर्षं मँडरिनचा क्लास केलाय त्यामुळे हा गोंधळ उलट्या बाजूने भोगलाय, आणि माझं तर मत आहे की हे शिकवायला इंग्रज माणसापेक्षा मराठी माणूस बरा, कारण त्या मुलीच्या डोक्यात जे चाललंय ते आपल्या भाषेतही चालतं.

सगळ्याचं मूळ एका शब्दात आहे, त्स्वेजिन. यातला 'त्स्वे' म्हणजे सगळ्यात, उच्चार आपल्या चमच्यातल्या च सारखा सुरू करायचा, चहातल्या च सारखा नाही (हे दोन च आपल्याकडे वेगळे आहेत म्हणून आपल्याला हा उच्चार पटकन जमतो). आणि 'जिन' म्हणजे जवळ, शी जिनपिंग यांच्या नावातलं जिन तेच, अक्षरसुद्धा तेच. तर त्स्वेजिन म्हणजे शब्दशः सगळ्यात जवळ, म्हणजे नियरेस्ट. इथवर सोपं आहे. पण चिनी माणूस रोजच्या बोलण्यात हा शब्द बहुतेक वेळा अंतरासाठी वापरतच नाही, काळासाठी वापरतो, 'वो त्स्वेजिन हन मांग' म्हणजे अलीकडे मी फार बिझी आहे. म्हणजे सगळ्यात जवळचा काळ तो हल्लीचा काळ.

हे वाचून विचित्र वाटलं तर आपला 'अलीकडे' बघा ना. 'नदीच्या अलीकडे' म्हटलं की जागा, 'अलीकडे तू दिसत नाहीस' म्हटलं की काळ. एकच शब्द, आणि आपण एकदाही गोंधळत नाही कारण आजूबाजूचे शब्द सांगतात काय ते. त्या मुलीचंही तेच होतं. 'त्स्वेजिन द' करून (हा चिनी 'द' म्हणजे साधारण आपला चा-ची-चं) पुढे थिएटर म्हटलं की सगळ्यात जवळचं थिएटर, आणि पुढे सिनेमा म्हटलं की अलीकडचा सिनेमा. चिनीत थिएटरला 'दिएनयिंगयुआन' म्हणतात आणि सिनेमाला 'दिएनयिंग', म्हणजे एक 'युआन' चिकटला की जवळ या शब्दाचा अर्थ जागेवरून काळावर किंवा काळावरून जागेवर जातो. इंग्रजीत मात्र थिएटर नियरेस्ट आणि सिनेमा रिसेंट, दोघांची खाती वेगळी. म्हणून पहिला धडा हाच ठेवा, त्स्वेजिन मनात आला की लिहायच्या आधी स्वतःला विचारायचं, हे जागेचं बोलतेय की काळाचं. जागेचं असेल तर नियरेस्ट, काळाचं असेल तर रिसेंटली किंवा लेटली.

आता ते बेजिंगचं वाक्य. ती 'रिसेंटली गो' का लिहिते? कारण त्स्वेजिन हा मागेही बघतो आणि पुढेही. बोलण्याच्या क्षणापासून जवळचे दिवस, मग ते झालेले असोत की यायचे असोत. 'वो त्स्वेजिन याओ छ्यू बेजिंग' हे अगदी चांगलं चिनी वाक्य आहे, मी लवकरच बेजिंगला जाणार आहे. तिने डिक्शनरीत त्स्वेजिनसमोर रिसेंटली वाचलं आणि जसंच्या तसं उचललं, यात तिचा काही दोष नाही. इथे आपला 'अलीकडे' मदतीला येत नाही कारण तो फक्त मागे बघतो, पण आपल्याकडे 'परवा' आहे! 'परवा आलो' म्हणजे मागचा, 'परवा येईन' म्हणजे पुढचा. मराठीत क्रियापद सांगतं कुठला परवा ते, चिनीत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही त्यामुळे 'याओ' सारखे शब्द ते काम करतात. तिला सांगा की इंग्रजी रिसेंटली कधीच पुढे बघत नाही, पुढचं असेल तर सून लिही. आणि मागचं असेल तरी 'रिसेंटली आय अॅम बिझी' नाही, 'आय हॅव बीन बिझी', कारण तो बिझीपणा मागून सुरू होऊन आत्तापर्यंत आलाय. मराठीत आपणही सरळ 'अलीकडे मी बिझी आहे' म्हणतो, म्हणून हीच चूक आपली मुलंपण करतात.

दुसरं वाक्य, 'मोस्ट नियर फ्रॉम द स्कूल'. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोस्ट नियर का, तर चिनीत विशेषणाचं रूप बदलतच नाही, जिन हा जिनच राहतो, 'गंग जिन' म्हणजे अधिक जवळ, 'त्स्वे जिन' म्हणजे सगळ्यात जवळ, पुढे एक शब्द लावला की झालं. मराठीतही तसंच, जवळ, आणखी जवळ, सगळ्यात जवळ. मग शाळेत एस्ट शिकवला की काही मुलं दोन्ही लावतात, 'मोस्ट नियरेस्ट', आणि त्याबद्दल रागावू नका कारण आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो तेव्हा तेच करत असतो. श्रेष्ठ मध्येच 'सगळ्यात चांगला' आहे, वर पुन्हा सर्व. आणि श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ यातला जो इष्ठ आहे ना, तो आणि इंग्रजीतला एस्ट हे एकाच घराण्यातले आहेत, सख्खे नाहीत पण चुलत भाऊ नक्की.

थोडं विषय सोडून सांगतो कारण राहवत नाही. संस्कृतात 'सगळ्यात जवळचा' याला शब्द आहे 'नेदिष्ठ'. जवळ म्हणजे अन्तिक, पण त्याचं रूप करताना अन्तिकच्या जागी नेद येतो, पाणिनीने यासाठी खास सूत्र दिलंय, अन्तिकबाढयोर्नेदसाधौ. नेदिष्ठ मराठीत आला नाही. पण त्याचा फारसी भाऊबंद आला, 'नजदीक', ज्याचा आपण 'नजीक' केला. म्हणजे पेपरात 'नजीकचं रुग्णालय' छापतात तेव्हा त्या नेदिष्ठचंच नातेवाईक बोलत असतं, फक्त इराणमार्गे आलेलं. आणि तोही काळाकडे वळलाच, 'नजीकच्या काळात' म्हणतोच की आपण.

असो, फ्रॉमकडे येतो. चिनी वाक्य असतं 'वो जिआ ली श्वेशिआओ हन जिन'. माझं घर, 'ली' शाळा, खूप जवळ. हा 'ली' म्हणजे आपला 'पासून', आणि तो लांबलाही चालतो जवळलाही चालतो. आपण नाही का म्हणत, 'माझं घर स्टेशनपासून जवळ आहे', 'स्टेशनपासून लांब आहे'? म्हणून 'नियर फ्रॉम स्टेशन' हे आपल्याकडेही सर्रास ऐकू येतं. इंग्रजीत लांबला फ्रॉम आणि जवळला टू. लांब म्हणजे तिथून निघून दूर गेलेलं, जवळ म्हणजे तिथपर्यंत आलेलं, असं हाताने दाखवा, मुठीपासून बोट लांब नेलं की फ्रॉम, मुठीकडे आणलं की टू. क्लोस टू द स्कूल, क्लोसेस्ट टू द स्कूल. नियरला तर टू पण लागत नाही, नियर द स्कूल. आणि ते 'द' तिच्याकडून घोकून घ्या, चिनीत आर्टिकल नाही, मराठीत पण नाही, पण सगळ्यात जवळचं एकच असतं म्हणून 'द नियरेस्ट'. परदेशात तिला कधीतरी 'व्हेअर इज द नियरेस्ट टॉयलेट' हे वाक्य लागणारच आहे, तेच पाठ करून घ्या, त्यात सगळं व्याकरण आलं.

नियरेस्ट आणि क्लोसेस्ट मधला फरक. अंतराच्या बाबतीत दोन्ही चालतात, नियरेस्ट बँक काय आणि क्लोसेस्ट बँक काय, यात वेळ घालवू नका. फरक पडतो माणसांच्या बाबतीत, आणि त्यासाठी चिनीत एक म्हण आहे जी त्या मुलीला नक्की माहिती असणार, 'युआनछिन बूरू जिनलिन', लांबच्या नातेवाईकापेक्षा जवळचा शेजारी बरा. यात शेजाऱ्याला लावलाय जिन, म्हणजे अंतराने जवळ, आणि नातेवाईकासाठी आलाय 'छिन', म्हणजे नात्याने मायेने जवळ. तिच्या भाषेत हे दोन शब्द आधीच वेगळे आहेत! मग सांगायचं, जिन वाला जवळ असेल तर नियरेस्ट, छिन वाला असेल तर क्लोसेस्ट. क्लोसेस्ट फ्रेंड, नियरेस्ट फ्रेंड नाही. मराठीत आपला हा फरक शब्दात नाही, जागेलाही जवळचा आणि माणसालाही जवळचा, म्हणून आपल्यालाच इथे जास्त सांभाळावं लागतं. नियरेस्ट रिलेटिव्ह असा प्रयोग कायद्याच्या कागदात सापडेल, नियरेस्ट अँड डिअरेस्ट ही जोडी पण आहे, पण आठवीत त्याची गरज नाही.

गणितात मात्र नियरेस्टच. 47 टू द नियरेस्ट टेन म्हणजे 50. याला चिनी मुलं 'स शअ वू रू' म्हणतात, चार टाका पाच घ्या, आणि हे त्यांना झोपेतही येतं, तर तिथून शिकवलं तर नियरेस्ट म्हणजे कुठेतरी पोचायला सगळ्यात कमी अंतर हे चित्र पक्कं बसेल.

उच्चाराचं एक. क्लोसेस्ट मध्ये स आहे, झ नाही. दरवाजा क्लोझ करतो आणि मित्र क्लोस असतो. आपल्याकडे खूप जण क्लोझेस्ट म्हणतात. चिनी मुलांना या झ चाच त्रास असतो कारण मँडरिनमध्ये तो आवाज नाही, तर इथे तिला सांगा की तुला जे सोपं जातं तेच बरोबर आहे.

आता नेक्स्ट, आणि हे मला सगळ्यात आवडतं. जुन्या इंग्रजीत जवळ म्हणजे नेअह, ज्याचा आज 'नाय' (nigh) हा शब्द झाला. त्याचं अधिक जवळ ते नेअर, म्हणजे आजचा नियर, आणि सगळ्यात जवळ ते निएख्स्ट, म्हणजे आजचा नेक्स्ट! म्हणजे नियर हा मुळात 'अधिक जवळ' होता, लोक विसरले, त्याला साधा जवळ समजायला लागले आणि त्यावर पुन्हा एस्ट लावून नियरेस्ट बनवला. मूळचा सगळ्यात जवळचा नेक्स्ट बिचारा रिकामा झाला, त्याने रांगेतलं 'पुढचं' हे काम घेतलं. नेबर या शब्दातही तोच नेअह आहे, जवळ राहणारा. आणि सगळ्यात जवळच्या नातेवाईकाला नेक्स्ट ऑफ किन म्हणतात तेव्हा नेक्स्टचा जुना अर्थ अजून जिवंत आहे, पुढचा नव्हे तर सगळ्यात जवळचा. अगदी हेच लेटचं झालं, जुना लास्ट आणि नवीन लेटेस्ट, लास्ट रांगेत गेला आणि लेटेस्टने अर्थ सांभाळला. म्हणून नेक्स्ट मंथ, लास्ट मंथ ही जोडी, जिला चिनीत शिआ आणि शांग म्हणतात, खालचा महिना आणि वरचा महिना, काळ वरून खाली वाहतो.

तिला फरक दाखवायला मेट्रोत बसवा. शांघायच्या 2 नंबर लाइनवर ईस्ट नानजिंग रोडवरून लुजिआझुईकडे गाडी निघाली, नदीखालून जायचंय, आत्ताच प्लॅटफॉर्म सुटलाय. नेक्स्ट स्टेशन लुजिआझुई, पण नियरेस्ट स्टेशन अजून मागचंच. अर्ध्याच्या पुढे गेलो की दोन्ही एकच होतात. नियरेस्टला दिशा नसते, नेक्स्टला असते.

फक्त नेक्स्ट फ्रायडेच्या बाबतीत तिला चिनीसारखं वागू देऊ नका. चिनीत 'शिआ झोउ वू' म्हणजे पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, विषय संपला. मराठीत पण 'येत्या शुक्रवारी' आणि 'पुढच्या शुक्रवारी' असं वेगळं सांगता येतं. इंग्रजीत मात्र सोमवारी कुणी नेक्स्ट फ्रायडे म्हटलं तर कुणाला चार दिवसांनंतरचा वाटतो कुणाला अकरा दिवसांनंतरचा, आणि दोघंही जन्मापासून इंग्रजी बोलणारे असतात. तिथे 'धिस' लावूनही भांडण मिटतंच असं नाही, तिला सरळ तारीख लिहायला सांगा.