आरव्ही-७ या घरी जोडायच्या किट विमानाच्या स्लायडिंग कॅनपीची (कॉकपिटवरच्या सरकत्या पारदर्शक झाकणाची) फ्रेम उजवीकडे ८ मिलिमीटर उचललेली राहते. वाकवू, की परत पाठवून दुसरी मागवू?

परत पाठवू नका. दुसरी येईल ती वेगळ्या जागी वाकडी असेल, इतकंच. पोलादी नळ्या वेल्ड करताना ओढल्या जातात, त्यामुळे स्लायडरची फ्रेम काढली आणि तंतोतंत बसली असं सांगणारा मला अजून भेटायचाय.

पण लगेच वाकवायलाही घेऊ नका. आधी फ्यूझलाज, म्हणजे विमानाचं धड, समतल करा. दोन्ही लाँगेरॉनवर (धडाच्या लांबीने जाणाऱ्या पट्ट्यांवर) पाणसळ ठेवून बघा, मग मध्यरेषेला दोरी ताणा आणि कॅनपी ज्यावरून सरकते तो मागचा रूळ नेमका त्या रेषेत आहे का ते ओळंबा सोडून तपासा. बाजेला पीळ असला की एक पाय अधांतरी राहतो, पण दोष त्या पायाचा नसतो. तसंच इथेही. फट उजवीकडे दिसते, पीळ बरेचदा फ्रेमच्या पुढच्या कमानीत सापडतो. ही कमान आणि रोलबार (विमान उलटलं तर डोकी वाचवणारी, धडाला पक्की केलेली कमान) एकाच उंचीचे, एकाच गोलाईचे हवेत, कारण विंडस्क्रीन आणि कॅनपी तिथेच एकमेकांना भिडतात.

वाकवताना फ्रेम जमिनीवर दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, ठोकळ्यांच्या मधल्या नळीवर हळूहळू अंगाचं वजन टाका. सोडलं की नळी थोडी परत येते, म्हणून हवं त्यापेक्षा किंचित जास्त दाबावं लागतं. दाबा, विमानावर ठेवून मोजा, पुन्हा दाबा. अख्खी संध्याकाळ यात जाते, जाऊ द्या. वेल्डच्या सांध्यावर जोर नको, आणि टॉर्चने तापवणं तर अजिबात नको. काम झाल्यावर प्रत्येक सांधा भिंगातून पाहा. रंग तडकला असेल तर खरवडून खालचं वेल्ड शाबूत आहे ना, याची खात्री करून घ्या.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण उरलेली फट बरेच जण स्क्रू आवळून मिटवतात. प्लेक्सिग्लास (कॅनपीचं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक) वाकतो, बसल्यासारखा दिसतो, आणि पुढे कधीतरी थंडीत भोकापासून तडा जातो. त्याचा मीटरभर तुकडा ३० अंशांच्या फरकाला साधारण २ मिलिमीटर वाढतो किंवा आकसतो, पोलाद अर्धा मिलिमीटरही नाही. म्हणून भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवायची, प्लेक्सिग्लाससाठी घासलेलं ड्रिल वापरायचं, कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करायच्या आणि स्क्रू बेताने आवळायचे. थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून आट्यांना लावतात ते द्रव्य) प्लेक्सिग्लासच्या आसपासही फिरकू देऊ नका, त्याने बारीक भेगांचं जाळं पडतं. माझं मत विचाराल तर स्क्रूऐवजी सिकाफ्लेक्स २९५ यूव्हीने चिकटवा. मधला रबरासारखा थर ही ओढाताण सोसतो. मात्र तोही वाकड्या फ्रेमवरचा उपाय नव्हे.

बाजूच्या स्कर्टचे, म्हणजे कॅनपीच्या खालच्या कडेची फट झाकणारे पत्रे घुमट (प्लेक्सिग्लासचा फुगीर भाग) बसल्यावरच कापा. तुमच्याकडे थंडी सुरू झाली असेल तर फ्रेमचं काम खुशाल उरका, पण घुमट कापणं शेड २५ अंशांच्या वर उबदार होईपर्यंत थांबवा. कापताना करवत नको, कट-ऑफ डिस्क लावा.