क्षितिज तिरकं येतंय, गिंबल गेला का?

या महिन्यात ड्रोनवाल्यांची पत्रं जास्त आहेत आणि त्यातल्या निम्म्यांचं रडगाणं एकच, फुटेजमध्ये क्षितिज वाकडं येतंय, गिंबल (कॅमेरा मोटरने सरळ धरून ठेवणारा भाग) गेला का. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त हेच.

प्रश्न (दापोली): समुद्राला लागून आमचा होमस्टे आहे, त्याच्या जाहिरातीसाठी डीजेआयचा मिनी ३ घेतला. व्हिडिओत समुद्राची रेघ उजवीकडे उतरते. गिंबल कॅलिब्रेशन सारखं करतोय, कंपासचं पण केलं, एखाद दिवस बरं येतं की पुन्हा तेच. रिपेअरवाला सांगतो गिंबलच बदला. बदलू का?

उत्तर: थांबा जरा. आधी एक फुकटची चाचणी करा, मग खिशात हात घाला. वारा पडलेला असेल अशा सकाळी ड्रोन वीस-पंचवीस मीटर वर न्या आणि स्टिक सोडून द्या, अर्धा मिनिट नुसता उभा राहू दे. ॲपमध्ये ग्रिडलाइन लावा आणि समुद्राची रेघ फ्रेमच्या मधोमध येईल असा कॅमेरा ठेवा. मधोमधच, कारण वाइड लेन्समध्ये वरच्या नाहीतर खालच्या कडेजवळ गेलेली सरळ रेघ जराशी कमानीत वाकते आणि लोक तिलाच तिरकी समजून बसतात. पृथ्वीचा गोलावा वगैरे नाही हो तो, १२० मीटरवरून क्षितिज साधारण ३९ किलोमीटरवर असतं, तिथून गोलावा डोळ्याला कळत नाही.

आता ड्रोन जागच्या जागी हळूहळू वळवा, समुद्राच्या दक्षिणेकडच्या टोकापासून उत्तरेकडच्या टोकापर्यंत. रेघ सगळीकडे तेवढीच आणि त्याच बाजूला उतरत असेल तर गिंबलचा शून्य सरकलाय, बाकी काही नाही. कंट्रोलच्या सेटिंगमध्ये गिंबल कॅलिब्रेशन आहे, त्यात ऑटोच्या शेजारी मॅन्युअल असतं, तिथून रोल (कॅमेऱ्याचा डावी-उजवीकडचा कल) थोडा थोडा हलवून रेघ ग्रिडला लावून घ्या. पण रेघ एका दिशेला उजवीकडे उतरते आणि ड्रोन वळवला की सरळ होते किंवा उलट डावीकडे उतरते, असं असेल तर मॅन्युअलला हात लावू नका, एका दिशेला बसवाल ती दुसरीकडे दुप्पट बिघडेल. ड्रोनला 'खाली' कुठे आहे हेच नीट कळत नाहीये असा त्याचा अर्थ, तिथे आयएमयूचं (ड्रोनमधल्या हालचाल आणि झुकाव मोजणाऱ्या सेन्सरचं) कॅलिब्रेशन लागतं. तेही ड्रोन गार असताना, घरात. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीतून काढून लगेच करणारे लोक बघितलेत, आणि वर तक्रारही तेच करतात.

तुम्ही ऑटो कॅलिब्रेशन कुठे ठेवून करता ते लिहिलं नाहीत, पण मला दाट शंका अंगणाची आहे. अंगण काय, गच्ची काय, पाणी वाहून जायला उतार ठेवलेलाच असतो. गवंड्याकडून पाणसळ आणा, घरातलं टेबल तपासा आणि त्यावर करा. कंपासचा मात्र इथे फारसा संबंध नाही, तो दिशा बघतो, त्याला सारखं सारखं छळू नका.

आणि वाळू! मिनीचा कॅमेरा जमिनीला जवळजवळ चिकटलेला असतो. चालू केल्यावर गिंबल स्वतःला फिरवून बघतो तेव्हा खाली गवत असलं, वाळूचा उंचवटा असला, की तिथेच अडतो. किनाऱ्यावर पॅडशिवाय, निदान गाडीतल्या फूटमॅटशिवाय तरी ड्रोन खाली ठेवायचाच नाही. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावत असाल तर तो आधी लावा, मग बटण दाबा, आणि तोही त्याच मॉडेलसाठी बनवलेला हवा, जड फिल्टरने इवलीशी मोटर दमते.

प्रश्न (सातारा): दादा, मी प्रीवेडिंग करतो. कपल मध्ये ठेवून गोल फिरायचा शॉट घेतो तेव्हा सुरुवातीला क्षितिज एकदम ओके असतं आणि अर्ध्या गोलानंतर हळूहळू झुकायला लागतं, शॉट संपवून थांबलो की थोड्या वेळाने आपोआप सरळ. कॅलिब्रेशन सगळं करून झालं.

उत्तर: कॅलिब्रेशन करून हे जाणारच नाही मित्रा, कारण बिघाड झालेलाच नाहीये. गिंबलमध्ये दोन प्रकारचे सेन्सर काम करतात. जायरो सांगतो किती फिरलो, ॲक्सिलरोमीटर सांगतो खाली कुठे आहे. जायरो झटपट आहे पण हळूहळू चुकत जातो, म्हणून त्याला अधूनमधून ॲक्सिलरोमीटरकडे बघून स्वतःला सुधारून घ्यावं लागतं. आणि ॲक्सिलरोमीटरला गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा ओढा यातला फरक कळत नाही. कुंभार्ली घाटात एसटी वळण घेते तेव्हा डोळे मिटून उभं राहा, 'सरळ खाली' कुठे आहे ते तुम्हालाही चुकीचंच वाटेल. एक झटक्याचं वळण असेल तर जायरो सांभाळून घेतो, पण पूर्ण गोल म्हणजे सलग एकाच बाजूचा ओढा, मग गिंबल त्या खोट्या 'खाली'कडे सरकत जातो.

आकडे बघा म्हणजे पटेल. ३० मीटर त्रिज्येच्या गोलात सेकंदाला १० मीटरने फिरलात तर तो खोटा 'खाली' खऱ्यापासून जवळपास १९ अंश लांब जातो, त्याच गोलात सेकंदाला ४ मीटर ठेवलेत तर फक्त ३ अंश. गिंबल एवढा सगळा झुकत नाही, पण ओढ किती ते कळतं. वेग दुप्पट केला की त्रास चौपट होतो, त्रिज्या दुप्पट केली की निम्मा. म्हणून सिने मोड (हळू उडायचा) आणि मोठा गोल. ४ मीटरच्या वेगाने ३० मीटरचा पूर्ण गोल व्हायला ४७ सेकंद लागतात, क्लायंटला कंटाळवाणं वाटतं म्हणून एडिटमध्ये फास्ट करणार असाल तर आधी नवरीच्या पदराकडे बघा, तो तिप्पट वेगाने फडफडला की सगळी मजा जाते. मी तरी पूर्ण गोल मारतच नाही, पाव गोल आणि कट. शॉटच्या आधी दहा-पंधरा सेकंद ड्रोन उभा ठेवायचा, आणि स्पोर्ट मोडमध्ये धावत येऊन करकचून ब्रेक मारून लगेच रेकॉर्ड दाबायचं नाही, एवढं पाळलंत तरी पुष्कळ.

प्रश्न (पुणे): पवना धरणावर शूट केलं. समोरच्या काठाची रेघ दर वेळी तिरकी दिसते. पण त्याच दिवशी घरी येऊन टेरेसवरून उडवला तर बरोबर. धरणावर काही मॅग्नेटिक प्रॉब्लेम असतो का?

उत्तर: धरणावर काहीही नाही. समोरचा काठ हे क्षितिजच नाही! काठाचं एक टोक तुमच्या जवळ आणि दुसरं लांब असेल तर जवळचं टोक फ्रेममध्ये खाली दिसणार आणि लांबचं वर, रेघ उतरतीच येणार, पाणी कितीही सपाट असू दे. पवनेला तर वाकडेतिकडे फाटे आहेत, त्यामुळे काठ कॅमेऱ्याच्या बरोबर समोर आडवा क्वचितच येतो. मागे तुंग-तिकोन्याच्या डोंगररांगेचा उतार असला की डोळा आणखी फसतो. मग काय बघायचं? कॅमेरा फार खाली न झुकवता फ्रेमच्या मध्यावर एखादी उभी गोष्ट आणा, विजेचा खांब, इमारतीचा कोपरा, ती उभी असेल तर क्षितिज बरोबर आहे. कडेची इमारत घेऊ नका, कॅमेरा खाली बघत असला की कडेच्या उभ्या रेघा कलतातच.

आता एक गंमत, असल्या शॉटमध्ये गणित बरोबर असूनही प्रेक्षकाला तिरकं वाटत असेल तर मी बिनधास्त अर्धा अंश फिरवून टाकतो. बघणारा पाणसळ घेऊन बसत नाही.

प्रश्न (नाशिक): शूट झालंय, परत जाणं शक्य नाही. एडिटमध्ये सरळ केलं तर क्वालिटी किती जाते?

उत्तर: वाटते त्यापेक्षा कमी. १६:९ च्या फ्रेममध्ये दर अंशाला साधारण ३ टक्के झूम करावं लागतं, नाहीतर कोपऱ्यात काळं दिसतं. म्हणजे ४के मध्ये एक अंश सरळ केलात तर रुंदीच्या ३८४० पिक्सेलमधले ३७२५ च्या आसपास उरतात, तीन अंशाला ३५१७. फायनल १०८० मध्ये देणार असाल तर कोणाच्या बापाला कळणार नाही. आणि न सुधारण्याचा तोटा बघा, फक्त एक अंश तिरकं म्हणजे डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत ६७ पिक्सेलचा फरक, समुद्र असेल तर शेंबडं पोरही ओळखतं. रीलसाठी मधली उभी पट्टी कापायची असेल तर अजून सोपं, अंशाला एकच टक्का. आधी फिरवा मग कापा.

दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकटच्या व्हर्जनमध्ये इन्स्पेक्टरमधलं रोटेशन आणि झूम पुरतं. झुकाव शॉटभर सारखा असेल तर दोन मिनिटांचं काम. वरच्या सातारकरांसारखा हळूहळू वाढणारा असेल तर कीफ्रेम (कुठल्या क्षणी किती फिरवायचं ते सांगणारी खूण) लावा, पण मोजकेच, सुरुवातीला, शेवटी आणि मध्ये जिथे बदल सुरू होतो तिथे, जास्त कीफ्रेम टाकलेत की क्षितिज झोके घ्यायला लागतं आणि ते तिरक्यापेक्षा वाईट दिसतं. झूम मात्र सगळ्यात वाईट फ्रेमला लागेल तेवढा पूर्ण शॉटला एकच ठेवा. इथून पुढे रेकॉर्ड करताना फ्रेम जराशी सैल ठेवायची सवय लावा, कडेला मंदिराचा कळस टेकवलात तर फिरवायला जागाच उरत नाही.

प्रश्न (कोल्हापूर): अवाटा घेतलाय. वळताना सगळं जगच कलतं, मित्र म्हणतात पीस डिफेक्टिव्ह आहे.

उत्तर: मित्र बदला. अवाटाचा गिंबल एकाच अक्षाचा आहे, कॅमेरा फक्त वर-खाली होतो, रोल सांभाळणारी मोटर त्यात नाहीच. वळताना कलणं हीच तर एफपीव्हीची (ड्रोनच्याच नजरेने बघत उडवायच्या ड्रोनची) मजा. नको असेल तर सेटिंगमध्ये होरायझनस्टेडी चालू करा, नाहीतर नंतर जायरोफ्लो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते कॅमेऱ्याचा जायरो डेटा वाचून क्षितिज लॉक करून देतं. दोन्हीत फ्रेमच्या कडा बऱ्यापैकी कापल्या जातात.

प्रश्न (अलिबाग): ड्रोन नारळाच्या झावळीला आपटला, तेव्हापासून क्षितिज डावीकडे झुकतं. कॅलिब्रेशन पूर्ण होतं पण फरक शून्य.

उत्तर: आपटल्यानंतरचं असेल तर सॉफ्टवेअर सोडा, बॅटरी काढून गिंबल बघा. कॅमेरा ज्या रबरांवर टांगलेला असतो त्यातलं एखादं खाचेतून निसटलेलं असतं, समोरून बघितलं की सगळी सारखी नाहीत हे कळतं. ते परत बसवलं तर काम झालं. रबरं जागेवर असतील आणि बोटाने हलकंच फिरवल्यावर रोलचा हात कुठे घासत किंवा अडत असेल तर हात वाकलाय, तो स्वतः सरळ करायला जाऊ नका, आतली चपटी केबल तुटली की खर्च वाढतो. दुकानदाराला आधी त्या हाताचा वेगळा भाव विचारा, पूर्ण गिंबलचा नंतर.