वाचक विचारतात : जाड बुटांची लाज

प्रश्न : चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ आम्हाला कॉलेजात अभ्यासाला होती. निवृत्तीनंतर ती पुन्हा वाचली. तेव्हा पिपची दया आली होती, या वेळी राग आला. ज्या लोहार मेहुण्याने पोटच्या पोरासारखे वाढवले, त्याचीच त्याला लाज वाटावी? अशा कृतघ्न मुलाला नायक करून डिकन्सला काय सांगायचे होते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमचा राग रास्त आहे, आणि तो यावा अशीच या कादंबरीची बांधणी आहे. सगळे होऊन गेल्यावर, प्रौढ झालेला पिप ही हकिकत सांगतो आणि आपल्या वागण्यातले काहीही झाकून ठेवत नाही. तुम्ही त्याच्यावर जो आरोप ठेवता, तो त्याने स्वतःवर आधीच ठेवलेला आहे.

तरीही निवाडा करण्याआधी आठव्या प्रकरणातला पत्त्यांचा डाव एकदा सावकाश वाचावा, अशी माझी विनंती आहे. श्रीमंत मिस हॅविशॅमच्या अंधाऱ्या, बंद घरात लहानग्या पिपला खेळायला बोलावले जाते आणि तिची दत्तक मुलगी एस्टेला त्याच्यासमोर पत्ते घेऊन बसते. पहिला डाव संपण्याआधीच ती तुच्छतेने म्हणते, की हा मुलगा ‘नेव्ह’ला ‘जॅक’ म्हणतो, आणि याचे हात किती राठ, बूट किती जाड! मराठीत त्या पत्त्याला आपण सरळ गुलाम म्हणतो, त्यामुळे या बोलण्यातला डंख अनुवादात उतरत नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ‘नेव्ह’ हा वरच्या घरांतला शब्द होता आणि ‘जॅक’ हा साध्या माणसांचा. म्हणजे मुलाने तोंड उघडले की त्याचे घर कळत असे. पुढे तीच मुलगी त्याचा पेला अंगणातल्या फरशीवर ठेवते आणि त्याच्याकडे न पाहता, एखाद्या कुत्र्याला द्यावे तसे पाव आणि मांस त्याच्या हातात देते. पिप आडोशाला जाऊन भिंतीला लाथा मारत रडतो. आपल्या हातांची लाज वाटावी असे त्याच्या मनात तोवर कधी आलेच नव्हते. आता मात्र, आपल्या लोहार मेहुण्याला, म्हणजे जो गार्जरी याला, कुणी लहानपणी चांगले वळण लावले असते तर आपल्यालाही ते लागले असते, असे त्याला वाटू लागते. ज्या माणसाने त्याला सर्वांत जास्त माया दिली, त्याच्याबद्दलची पहिली तक्रार ही अशी, दुसऱ्याच्या अंगणात उभे राहून सुचलेली आहे.

माझ्या मते कादंबरीचे मर्म याच ठिकाणी आहे. पिपला जंटलमन व्हायचे असते, पण त्या इच्छेच्या मुळाशी विद्येची ओढ नाही की कसल्या कामाची हौस नाही. आपण जे आहोत ते कुणाच्या नजरेला पडू नये, एवढीच तळमळ आहे. शीर्षकातला ‘एक्स्पेक्टेशन्स’ हा शब्दही त्या अर्थाने नेमका आहे. त्या काळी तो वारशाने किंवा कुणाच्या कृपेने मिळू घातलेल्या मालमत्तेसाठी सर्रास वापरला जाई. पिपला कष्ट करायचे नसतात, वाट पाहायची असते. सॅम्युएल स्माइल्सचे स्वावलंबनाचा पुरस्कार करणारे ‘सेल्फ-हेल्प’ 1859 साली निघाले आणि डिसेंबर 1860 पासून डिकन्सने आपल्याच साप्ताहिकात ही कादंबरी क्रमशः छापायला घेतली, हे लक्षात घेतले म्हणजे पिपच्या त्या रिकाम्या वाट पाहण्याला आणखी धार येते.

आता सत्ताविसावे प्रकरण. दुसऱ्याच्या पैशावर पिप आता लंडनला जंटलमन होऊन राहतो आहे आणि गार्जरी त्याच्या बिऱ्हाडी भेटायला येतो. पैसे देऊन त्याला दूर ठेवता आले असते तर आपण नक्की दिले असते, असे पिप स्पष्ट सांगतो. दारातल्या पायपुसण्यावर गार्जरी कितीतरी वेळ पाय पुसत राहतो. अंडी असलेले घरटे धरावे तशी तो आपली टोपी दोन्ही हातांनी जपून धरतो, शेवटी शेकोटीच्या वरच्या फळीच्या कडेला ठेवतो, आणि ती पुन्हा पुन्हा खाली पडत राहते. पिपला तो मध्येच ‘सर’ म्हणतो. मात्र निघताना हाच माणूस सगळा अवघडलेपणा टाकून बोलतो : आयुष्य म्हणजे एकमेकांना सांधलेल्या अनेक ताटातुटी आहेत, कुणी लोहार असतो, कुणी सोनार, कुणी तांबट, या कपड्यांत मी शोभत नाही, भट्टीपासून दूर मी चुकीचा दिसतो. वेगळे होणेसुद्धा तो भट्टीच्याच भाषेत, सांध्याच्या शब्दात सांगतो. मला तरी संपूर्ण कादंबरीत याहून सभ्य माणूस दिसत नाही. पुढे पिप कर्जबाजारी होऊन तापाने अंथरुणाला खिळतो, तेव्हा हाच लोहार त्याची शुश्रूषा करतो, त्याचे 123 पौंड 15 शिलिंग 6 पेन्सचे देणे गुपचूप फेडतो आणि पिपला बरे वाटू लागताच पहाटे, निरोप न घेता निघून जातो.

ज्या पैशावर पिप जंटलमन झाला, तो मॅग्विच नावाच्या कैद्याने हद्दपारीत, न्यू साउथ वेल्समध्ये मेंढ्या राखून मिळवलेला होता. आणि ‘जॅक’ शब्दाला हसणारी एस्टेला त्याच मॅग्विचची मुलगी निघते. ज्या उंचीवरून तिने पिपला खाली पाहिले, ती उंची तिचीही नव्हती.

प्रश्न : डिकन्सने स्वतः लहानपणी कारखान्यात काम केले होते, असे म्हणतात. ते खरे आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : खरे आहे. 1824 साली, बारा वर्षांचा असताना, त्याला वॉरेन यांच्या बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात लावण्यात आले. पॉलिशची भांडी कागदाने बांधून त्यांवर लेबले चिकटवायची आणि आठवड्याला सहा शिलिंग घ्यायचे. त्याच सुमारास वडील कर्जापायी मार्शल्सी तुरुंगात गेले. पुढे कारखान्याची जागा बदलली आणि मुलांना खिडकीशी बसवण्यात आले. रस्त्याने जाणारे लोक थांबून त्यांचे काम पाहत. ते बघे मला एस्टेलाच्या नजरेइतकेच महत्त्वाचे वाटतात. वडिलांनी त्याला तिथून काढले, पण त्याने परत कामावर जावे असा आईचा आग्रह होता, आणि ती गोष्ट तो कधीही विसरला नाही. जगाला ही हकिकत कळली ती 1870 मध्ये तो वारल्यानंतर, त्याचा मित्र जॉन फॉर्स्टर याने लिहिलेल्या चरित्रातून. देशातल्या सर्वांत लोकप्रिय लेखकानेही ती लाज जन्मभर पोटात ठेवली, हे कळल्यावर पिपवरचा माझा राग बराच निवळला.

प्रश्न : पिपला पैसा आयता मिळाला. पण मुलींचे काय, आणि ज्यांना खरोखर शिकायचे होते त्यांचे काय? त्या काळच्या कादंबऱ्यांत ही माणसे आहेत का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आहेत, आणि त्यांची वाट पिपपेक्षा कठीण आहे. शार्लट ब्रॉन्टेच्या ‘जेन एअर’ (1847) मधली दहा वर्षांची अनाथ जेन मामीच्या घरी वाढते. तू फुकटचे खातेस, तेव्हा नोकरांहूनही खालची, असे तिला घरातली मोलकरीणच सुनावते. तरीही, गरीब नातलगांकडे जाशील का, असे विचारल्यावर जेन नको म्हणते, कारण स्वातंत्र्यासाठी ‘कास्ट’ गमावण्याइतके शौर्य आपल्यात नव्हते, असे ती सांगते. हा शब्द ब्रॉन्टेचा स्वतःचा आहे. आपल्याकडच्या वाचकाला तो वाचून थबकायला होते : छळ सोसणाऱ्या पोरीलाही आपली पायरी सोडवत नाही.

जॉर्ज इलियटच्या ‘द मिल ऑन द फ्लॉस’ (1860) मध्ये टॉमच्या डोक्यात लॅटिन शिरत नाही आणि त्याची बहीण मॅगी त्याचीच पुस्तके चाळून ते उचलते. मुली चटपटीत असतात पण उथळ, असे गुरुजी तिच्यासमोरच सांगतात. तिचे वडील टॉमवर पैसे खर्च करतात, तिच्यावर नाही.

टॉमस हार्डीच्या ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ (1895) मधला ज्यूड पावाची गाडी हाकताना लॅटिन वाचतो. पुढे पाथरवटाचे काम करत तो क्राइस्टमिन्स्टरला, म्हणजे कादंबरीतल्या ऑक्सफर्डला, येतो आणि तिथल्या कॉलेजांच्या प्रमुखांना पत्रे लिहितो. त्यांपैकी एकाचेच उत्तर येते : कामगाराने आपल्याच क्षेत्रात, आपल्याच धंद्यात राहिल्यास त्याचे अधिक भले होईल. ज्यूड त्या रात्री खिशातला खडू काढतो आणि कॉलेजच्या भिंतीवर बायबलमधल्या ईयोबाचे शब्द लिहितो, की तुमच्याइतकी समज मलाही आहे. कादंबरी निघाल्यानंतर चार वर्षांनी, 1899 मध्ये, खऱ्या ऑक्सफर्डमध्ये कामगारांसाठी रस्किन कॉलेज सुरू झाले.