पोलिसांची नोटीस व्हॉट्सॲपवर आली, आता अटक होईल का?

घाबरू नका. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे अटक-जामिनाच्या प्रक्रियेचा कायदा) कलम ३५ ची हजर राहायची नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती बजावली असं धरत नाहीत, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्येच हे स्पष्ट केलंय. पण म्हणून दुर्लक्ष करू नका, वकिलाला दाखवा, आणि रीतसर नोटीस आली की हजर राहा, कारण हजर राहिलात तर लेखी कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही.

मला खरी चीड जामिनाची येते. जामीन मंजूर होतो आणि जामीनदार मिळत नाही म्हणून गरीब माणूस आतच राहतो! महिनाभरात बाँड भरता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करायचा विचार करू शकतं, सुप्रीम कोर्टाचे २०२३ चे तसे निर्देश आहेत, वकिलाला सांगून तसा अर्ज टाकायला लावा.